इथल्या माणसांसारखं

कढईचं करपलेलं बूड काही स्वच्छ होईना. घासून घासून आईचा खांदा भरून आला. कढई तिची नव्हती, ओटा तिचा नव्हता, गाव तर नव्हतंच. घासणं तेवढं तिचं होतं. याला म्हणायचं सुट्टी.

तिला जहाजावर जायचं होतं. कुणीतरी ताट वाढावं, कुणीतरी उचलावं, आपण नुसतं पाणी बघत बसावं. लग्न झाल्यापासून तिने एवढं एकच मागितलं. पण मुलगा पडला शिकलेला.

"आई, जहाज म्हणजे कळपाने चरायला जाणं. खरा प्रवास म्हणजे इथल्या माणसांसारखं राहणं. त्यांच्या घरात, त्यांच्या बाजारात."

सुनेने मान डोलावली. एरवी चहात साखर किती, यावरसुद्धा दोघांचं जमत नाही.

मग एका बाईचं राहतं घर भाड्याने घेतलं. काल किल्ली देऊन ती गेली. तेव्हापासून मुलगा इथल्या माणसांसारखा गॅलरीत पाय पसरून बसला होता. सून इथल्या माणसांसारखी बाजारात गेली आणि पिशवीभर मासळी घेऊन आली. साफ न केलेली. उरलंसुरलं इथल्या माणसांसारखं आईने करायचं. तिने केर काढायला घेतला, तर सुनेने केरसुणीचा फोटो काढला.

"किती अस्सल आहे ना, आई?"

"हो गं बाई. केरही अस्सलच आहे."

दार वाजलं. घरमालकीण होती. काळा चष्मा, कोऱ्या चपला, मागे चाकांची बॅग.

"माझी टोपी खुंटीवरच राहिली."

मुलगा लगबगीने उठला. अस्सल माणूस आपल्या पायांनी दारात आलं होतं. "बरं झालं आलात. सुट्टीत इथली माणसं काय करतात हो? आम्हाला अगदी तस्सं करायचंय."

"सुट्टीत?" बाईने टोपी डोक्यावर नीट बसवली. "जहाजावर जातात. मी तिकडेच निघालेय. घरात थांबले तर ही भांडी मलाच घासावी लागतील ना."

आईने नळ बंद केला. हात पुसले. ओली घासणी मुलाच्या मुठीत दिली आणि चपला शोधायला लागली.

"थांबा हो बाई, मलाही इथल्या माणसांसारखंच राहायचंय. जहाज कितीला सुटतं?"