पाणी सांगणारी

"ही शिट्टी मारते," यादवशेठ म्हणाला आणि त्याने तिसरी मशीन काउंटरवर ठेवली. "पाणी कमी झालं की लगेच. झोपलेला माणूस टुणकन उठून बसेल."

चांगदेवने टोपी मागे सारली. आज ती सारखी कपाळावर घसरत होती.

धामणकर नाक्यावरच्या या दुकानात खरं तर कापड विणायच्या लूमच्या मोटरी दुरुस्त व्हायच्या. पण यादवशेठचा मेव्हणा मुंबईला जहाजं तोडायच्या कामावर, त्यामुळे जहाजावरची नको ती चीजवस्तू इथे येऊन पडायची. चांगदेव केवणीहून त्यासाठीच आला होता. रेतीच्या जुन्या होडीला पाण्याची खोली सांगणारी मशीन हवी होती, आणि आजच हवी होती. उद्याच्या भरतीला होडी काढायची होती.

गेल्या महिन्यात कशेळीच्या अंगाला होडी दोनदा वाळूत रुतली. तळाची फळी तडकली. ठेकेदाराने तोंडावर सांगितलं, तिसऱ्यांदा रुतलास तर घरी बस. आता घरी बसून करायचं काय? मूलबाळ नाही, घर नुसतं खायला उठायचं. निदान खाडीवर इंजिनाची धडधड तरी असते.

"आधीची कसली होती?" यादवशेठने विचारलं. "ह्या लाल दिव्याच्या मशीनसारखी, की ह्या कागदावर रेघ काढणारीसारखी?"

"बोलायची," चांगदेव म्हणाला.

"आयला! बोलणारी? म्हणजे जपानी असणार."

"न्हाय. खारबावची."

यादवशेठ पोट धरून हसला. "खारबावला कुठं रे बाबा असला माल? कुणीतरी जोडजाड करून गळ्यात मारली तुमच्या. चालली किती वर्षं?"

"एकोणसत्तरला आनली. आता चौऱ्यान्नव चालू हाय."

हसणं जागच्या जागी थांबलं. "पंचवीस वर्षं? खाऱ्या हवेत?"

"उनापावसात. एक दिस खाडा न्हाय." चांगदेवला बोलायला बरं वाटू लागलं. गावात येणारे-जाणारे दोन शब्द बोलायचे आणि उठून जायचे. इतकं खोदून खोदून कुणी विचारलंच नव्हतं. "पानी भरपूर आसलं तरी बोलायची. मी म्हनायचो, गप ग जरा. तर आनखी बोलायची."

"तो फॉल्ट असतो, भाऊ. मशीनने गरजेपुरतंच वाजावं." यादवशेठने शिट्टीच्या मशीनवर थाप मारली. "हिला बघा. पाणी ठीक असेल तर एकदम गप्प. गप्प आहे म्हणजे समजायचं, सगळं बरोबर आहे."

"दिवसभर गप?"

"दिवसभर!"

चांगदेवने त्या करड्या डब्याकडे पाहिलं. दिवसभर गप्प.

"मग जुनीला झालं काय?"

"आवाज खोल गेला. मंग थांबून थांबून यायला लागला. मंग मी तिला घरीच ठेवली. म्हैनाभर तिच्याबिगर एकट्यानं होडी चालवली, तवाच रुतली दोनदा. मागं सुकाणू धरू का पुढचं पानी बघू?"

"आणि मधे कुणाला दाखवली नाही? पंचवीस वर्षांत एकदाही?"

"न्हाय."

"हेच चुकतं तुम्हा लोकांचं!" यादवशेठ आता खरोखर चिडला. मशीनचे हाल केलेले त्याला बघवत नसत. "चालतेय तोवर राबवायची. अरे, आवाज जरा बदलला की त्याच दिवशी उचलून आणायची असते. टाइमावर आणली असती तर अजून दहा वर्षं चालली असती."

"मना वाटलं, येल आवाज परत."

"वाटलं!" यादवशेठने कपाळावर हात मारला.

चांगदेव खाली मान घालून ऐकत राहिला. कुणीतरी आपल्याला असं फैलावर घ्यायला हवंच होतं, असं त्याला वाटलं. घरी आलेले सगळे समजूतच काढत होते.

शेवटी त्याने शिट्टीचीच मशीन घेतली. होडीच्या तळाला काय लावायचं, वायर कुठून काढायची, ते यादवशेठने दोनदा समजावलं. खोक्याला सुतळी बांधता बांधता त्याचा राग उतरला. चांगदेवचा उतरलेला चेहरा बघून त्याला वाईटही वाटलं असावं.

"बरं, असं करा भाऊ," तो म्हणाला. "जुनी टाकून देऊ नका. उद्या परवा इकडे घेऊन या, मी उघडून बघतो. ह्या हातांनी मेलेल्या मशिनी उठवल्यात. काय सांगावं, बोलेलही परत."

चांगदेवने खोका काखेत धरला आणि दुकानाची पायरी उतरला.

"आनली आसती, शेठ," तो म्हणाला. "पन ती माजी बायको व्हती. परवाच तिचं बारावं झालं."