मरणाचा शॉट

उभी हयात नाटक-सिनेमात घालवलेले दादा आज स्वतःच्याच सिनेमात मरणाचा शॉट देत होते. दिग्दर्शकही तेच, त्यामुळे कॅमेऱ्यामागची त्यांची खुर्ची रिकामी होती. 'कट' फक्त दादांनीच म्हणायचं, हा सेटवरचा दंडक.

पलंगावर त्यांनी डोळे मिटले.

"मान जरा डावीकडे घे," खुर्चीकडून आवाज आला.

सेटवर दादांना अरे-तुरे करायची कुणाची छाती नव्हती. पण सूचना अचूक होती. राग गिळून त्यांनी मान वळवली.

"आता श्वास रोखून धर."

त्यांनी रोखला. तेव्हा कुठे त्यांना तो आवाज ओळखू आला. तो त्यांचाच होता.

घाबरून ते 'कट' म्हणायला गेले, तर ओठ हलेनात.

"झकास!" खुर्चीतून दादा म्हणाले. "कॅमेरा चालू राहू दे."