आखाजीपुरती सुट्टी

आखाजीला माहेरी आलेली सिंधू म्हणाली, "डॉक्टरांनी सणापुरती इन्सुलिनला सुट्टी दिलीय, आई." माझे सोळा सोमवार फळले म्हणून मी महादेवापुढे दिवा लावला. तिसऱ्या दिवशी आमरसासाठी बर्फ आणायला शेजारच्या गुलाबबाईंकडे गेले. त्यांच्या फ्रीजमध्ये सिंधूच्या रुमालात गुंडाळलेली इन्सुलिनची बाटली होती. "दोन्ही वेळा इथंच येऊन टोचून घेते, तुम्हाला सांगू नका म्हणाली," गुलाबबाई हळूच बोलल्या. पोटच्या पोरीनं शेजारणीवर विश्वास ठेवला, माझ्यावर नाही. घरी येऊन बाटली झोक्यावर बसलेल्या सिंधूपुढे ठेवली. "देवापुढे मला खोटं पाडलंस?" झोका थांबवून ती म्हणाली, "मागच्या आखाजीला बाटली मोरीत ओतून अंगारा तूच लावलास. चौथ्या दिवशी मला बेशुद्ध उचलून दवाखान्यात नेलं." बाटली थंडाव्याला ठेवावी म्हणून हात पुढे केला, तर तिनं ती झटकन पदराखाली घेतली.