सहा महिन्यांची माती

गच्चीवरच्या पिंपात कुंदा वाळक्या पानांवर ताक शिंपडत होती. सहा महिन्यांनी माती तयार झाली, की मरगळलेल्या मोगऱ्याला घालायची. कुंदाच्या तपासणीत काय निघालं ते डॉक्टर उद्या सांगणार होते. जीव टांगणीला लागला होता.

विनायकराव वर आले ते सेंद्रिय खताची बाटली घेऊन. "हे घाल. पंधरवड्यात फुलेल बघ मोगरा."

तिला हसूच आलं. असल्या बाटल्यांना नाक मुरडून पोत्यानं पालापाचोळा आणणारे हेच ना? मग ताक शिंपडता शिंपडता ती थांबली. यांना आज घाई कशाची?

"अहो, डॉक्टरांचा फोन आला ना?"

ते चष्म्याशिवायच बाटलीवरची बारीक अक्षरं वाचत राहिले.

"उद्या पाला आणा," ती पिंपाकडे वळून म्हणाली. "अजून अर्धंच भरलंय."