पितळी वायसर

“हे कुणाला पटायचं न्हाई, पण चिमीचं काळीज म्या ह्या डोळ्यांनी पाह्यलं!” काळेवाडीच्या नळावर दत्तोबा फिटरने नातीला कडेवर घेऊन सुरुवात केली. पुण्याचा डॉक्टर सकाळी म्हणाला होता, “हिच्या हृदयाला भोक आहे, पण अशा मुलांच्या पेशीपेशीतच जन्मजात दोष असतो. ती फार जगत नाहीत, म्हणून आम्ही त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन करत नाही.” ते समोर घागर भरणाऱ्या सुनेला, चिमीच्या आईला, सांगायला त्याची जीभ रेटेना, म्हणून थाप रंगली. “काळजाला एवढं भोक! डॉक्टर घामाघूम. म्हटलं, सायेब, गळती हाय, वायसर बसवा. खिशातला कंपनीचा पितळी वायसर दिला. ठोकून बसवला, टाक्याबिगर छाती बंद!” बायका पदराआड हसल्या. आजोबांना खुशीत बघून चिमीही खुदकन हसली आणि तिची मूठ उघडली. निळसर बोटांत तोच वायसर होता. सुनेची घागर भरून वाहू लागली. “मामंजी, वायसर तर हिच्या हातात हाय. डॉक्टर न्हाई म्हणाला ना?”