टुकच्या रस्त्यावर

एल्मरने गाडी थांबवली नाही.

कडेला बॉनेट उघडून उभी असलेली ती गाडी त्याने लांबूनच ओळखली होती. अँगसची. वारा सुटला होता, खडीवरून भुरभुरता बर्फ वाहत होता आणि उत्तरेच्या समुद्राकाठचं त्यांचं टुक गाव अजून तासाभरावर होतं. या रस्त्यावर बंद पडलेली गाडी दिसली की माणूस वैऱ्यासाठीसुद्धा थांबतो. अँगसने हात वर केला. एल्मरने नजर समोरच ठेवली आणि वेग वाढवला.

तीन हिवाळ्यांपूर्वी त्याचा धाकटा भाऊ नोआ अँगसबरोबर गोठलेल्या समुद्रावर सील प्राण्यांच्या शिकारीला गेला होता. परतला एकटा अँगस. बर्फ फुटला, त्यात त्याचा काय दोष, असं सगळं गाव म्हणालं. एल्मर म्हणाला, "माझ्या भावाला टाकून आला." त्यानंतर तो अँगसशी एक शब्द बोलला नव्हता.

आता तूही राहा तिथेच, तो मनात म्हणाला. पण हीटर चालू असून ऊब काही अंगाला लागेना. अँगसच्या पोरी घरी वाट बघत असतील. मागून दुसरी कुणाची गाडी येईलच, असं त्याने स्वतःला समजावलं. आरशात नुसतं पांढरं होतं.

"च्यायला!" तो ओरडला आणि त्याने गाडी वळवायला घेतली. रस्ता उंच भरावावरचा, अरुंद. तोंड मागे फिरलं तेवढ्यात चाक घसरलं आणि गाडी कडेच्या बर्फात रुतली.

थोड्या वेळाने समोरून दिवे आले. अँगसची गाडी कशीबशी चालू झाली होती. उतरून त्याने दोर बांधला आणि एल्मरची गाडी वर ओढून काढली.

"एक हरामखोर मला बघूनही तसाच पुढे गेला," दोर गुंडाळत तो म्हणाला. "तू गावाकडूनच येतोयस ना? भेटला का रे तुला?"

गाडीचं तोंड उलटं होतं; नुसतं 'हो, गावाकडूनच' म्हटलं असतं तरी सुटका होती.

"मीच तो. बघितलं तुला, आणि गेलो."

"माहीत आहे. तुझी गाडी मी ओळखणार नाही होय?" अँगसने मिशीवरचा बर्फ पुसला. "पण वळलास."

त्याने गुंडाळलेला दोर गाडीत टाकला.

"त्या दिवशी मीही वळलो होतो रे, एल्मर. पोचलो तेव्हा तिथे नुसतं पाणी होतं."