भोपळ्यावरचं घर

दर ऑक्टोबरात मी भोपळे रंगवून दारापुढच्या पायऱ्यांवर मांडते. कोरलेला भोपळा आठवड्यात सडतो, रंगवलेला बर्फ पडेपर्यंत टिकतो. यंदा एकावर आमचंच घर काढलं. वरच्या खिडकीत नुसता पिवळा उजेड ठेवला.

सकाळी चित्रातल्या त्या खिडकीत दोन माणसं होती: माझा नवरा वेन्डल आणि माझी बहीण मार्ला, एकमेकांना बिलगलेली.

मी त्यांच्यावर पिवळा रंग फासला. दुसऱ्या सकाळी ती दोघं पुन्हा तिथेच होती.

"याला हात कोणी लावला?" मी विचारलं.

"मला साधी रेघ ओढता येत नाही, बाईसाहेब!" वेन्डल हसला.

सफरचंदं घेऊन आलेली मार्ला हसली नाही. "अगं, फेकून दे तो भोपळा," ती म्हणाली, पण बघत होती वेन्डलकडे. मला समजायचं ते समजलं.

आज सकाळी खिडकी रिकामी होती. दोघं चित्रातल्या दारात उभी होती आणि पायऱ्यांखाली माझा निळा एप्रन घातलेली बाई पालथी पडली होती.

नीट पाहायला मी वरच्या पायरीवरून वाकले. मागे दार उघडलं, दोघांची पावलं वाजली.

"किती वाकतेस गं," मार्ला म्हणाली. "पडशील ना."